मदत हवी आहे: नारळपाणी आणि शेवग्याच्या अर्काचा शाळेतला प्रयोग

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात नववीला विज्ञान शिकवते. वनस्पती संप्रेरकं नुसती पाठ करून घ्यायची नाहीत, मुलांनी हाताने करून पाहायचं असं ठरवलं. नारळपाण्यात सायटोकायनिन (पेशींचं विभाजन वाढवणारं आणि पानं पिवळी पडणं लांबवणारं संप्रेरक) असतं. १९४१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन ओव्हरबीक यांनी धोत्र्याचे कोवळे भ्रूण नारळपाणी घालूनच वाढवले होते. शेवग्याच्या पाल्यातही झिएटिन हे सायटोकायनिन आहे, आणि शेवगा तर आमच्या कुंपणालाच.

पहिला प्रयोग फसला. कागदी कपात ओल्या कापसावर १०-१० मूग ठेवले. साध्या पाण्यातले छान तरारले. निव्वळ नारळपाण्यातल्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी, मोडही खुंटले. साखर आणि क्षारांमुळेच असावं. मुलं हिरमुसली. एकीने विचारलं, "बाई, मग पुस्तक चुकलं का?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून प्रयोग सोडायचा नाही.

कोणी शाळेत केलं असेल तर सांगा ना: नारळपाणी किती पातळ केलंत? शेवग्याचा अर्क ३० पट पाणी घालून फवारतात, तोच बी भिजवायला चालेल का? जास्वंदीच्या काड्यांचा विचार होता, पण सायटोकायनिनने मुळं फुटायला उलट अडथळाच होतो. त्यापेक्षा तोडलेली पानं अर्कात किती दिवस हिरवी राहतात हे मोजणं सोपं जाईल का? कोणती पानं घ्यावीत? आमच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच आहे, मोजपट्ट्या मात्र भरपूर.