टायटेनियाच्या भाषणातला पाऊस
शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातील अरण्य म्हणजे केवळ स्वप्नरंजनाची पार्श्वभूमी होय, हे मत मला पटत नाही. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात पऱ्यांची राणी टायटेनिया आपल्या पतीला, परीराजा ओबेरॉनला, भांडताना जे सुनावते ते सावकाश वाचावे. नद्यांनी काठ सोडले आहेत, जू ओढणाऱ्या बैलांचे श्रम वाया गेले आहेत, कणसाला कुसळ फुटण्याआधीच हिरवे पीक कुजले आहे आणि रोगाने मेलेल्या मेंढरांवर कावळे पोसले जात आहेत. हे नाटक साधारण १५९५-९६चे मानले जाते. १५९४पासून इंग्लंडमध्ये ओल्या उन्हाळ्यांनी लागोपाठ पिके बुडून धान्य महागले होते, हे लक्षात घेतले तर पहिल्या प्रेक्षकांना हे वर्णन नुसती परीकथा वाटले असेल, असे मानणे कठीण आहे. शिवाय या साऱ्या अनर्थाचे जन्मदाते आपण दोघेच, आपले भांडणच, अशी कबुलीही टायटेनिया देते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९७०मध्ये शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, हे नाटक पांढऱ्या भिंतींच्या पेटीत उभे केले, जिथे झाडांच्या जागी तारेची वेटोळी होती. अशा नेपथ्यात निसर्गाचा सारा भार शब्दांवर येतो; म्हणून प्रयोग आटोपशीर करताना या भाषणाला कात्री लावू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.