१९४३च्या तक्त्यात बंगालचा दुष्काळ कुठे लिहायचा?

मृणालिनी (धागाकर्ती)
नववीच्या वर्गात लावायला दुसऱ्या महायुद्धातल्या एकाच वर्षाचा, १९४३चा, तक्ता करते आहे. बारा महिने, बारा पट्ट्या. घटना भराभर सुचल्या. २ फेब्रुवारीला स्टालिनग्राडमधली शेवटची जर्मन तुकडी शरण, मेमध्ये ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजांचा शेवट, जुलैत कुर्स्क आणि सिसिली, मुसोलिनीची उचलबांगडी, सप्टेंबरात इटलीची शरणागती, नोव्हेंबरअखेर तेहरानची बैठक.

ऑगस्टच्या पट्टीवर हात थांबला. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने रस्त्यांवर मरून पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली. दुसऱ्याच दिवशी, २३ ऑगस्टला, सोव्हिएत फौजांनी युक्रेनमधलं खारकोव्ह जर्मनांकडून परत घेतलं. खारकोव्ह युद्धाच्या धड्यात आहे. कलकत्ता मात्र 'भारतातील दुष्काळ' या वेगळ्या चौकटीत जातं, ओरिसा, मद्रास, ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ यांच्या रांगेत.

माझं मत स्पष्ट आहे. बंगालचा दुष्काळ ही महायुद्धातलीच घटना आहे आणि ती खारकोव्हच्या शेजारी, त्याच पट्टीवर हवी. नंतर नेमलेल्या सरकारी चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू मोजले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या आसपास जातात. तुम्हाला काय वाटतं?

अभय_सोलापूर
पूर्ण असहमत, आणि मुद्दाम सविस्तर लिहितो.

१६ ऑक्टोबर १९४२ला मिदनापूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, भातावर रोग पडला. हे काही कुणा सेनापतीने केलं नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 'युद्धामुळे दुष्काळ' असं एकदा लिहिलं की ज्यांनी माणसं मारली ते सगळे सुटतात. युद्ध मुंबईतही होतं. जपानने घेतलेल्या ब्रह्मदेशचा तांदूळ मुंबईलाही बंद झाला होता. तरी मुंबईत १९४३मध्येच रेशनिंग सुरू झालं, कार्डं निघाली, लोक रांगेत उभे राहिले आणि जगले. कलकत्त्यात पुरतं रेशनिंग यायला जानेवारी १९४४ उजाडला! युद्ध तेच, साम्राज्य तेच. मग फरक कशाचा? प्रांतिक सरकारचा, साठेबाजांचा, दिल्लीत बसून बंगालकडे एकदाही न फिरकलेल्या व्हाइसरॉय लिनलिथगोंचा. दुष्काळ जाहीर केला तर नियमाप्रमाणे मदतीची कामं काढावी लागतात, म्हणून तो जाहीरच केला नाही. याला गुन्हा म्हणा. युद्धाच्या खात्यावर टाकू नका.

मृणालिनी
अभयदादा, मुंबईचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी तक्त्यात घेणार. पण तुम्ही कलकत्ता आणि बंगाल एकच धरताय. कलकत्त्यात कारखाने, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांतल्या माणसांना स्वस्त तांदूळ मिळत होता. ती युद्धाला लागणारी माणसं होती. रस्त्यावर मेले ते खेड्यांतून चालत आलेले शेतमजूर, कोळी, नावाडी. ही निवड कुणी केली? युद्ध चालवणाऱ्यांनीच.

आणि नावा कशा विसरता? मार्च १९४२मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं. जपानी उतरले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतला तांदूळ काढून नेला आणि दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या हजारो नावा जप्त केल्या किंवा मोडल्या. पूर्व बंगालात नाव म्हणजे बैलगाडी, जाळं, बाजाराची वाट, सगळं एकच. ती मोडणं हा लष्करी निर्णय होता, युद्धासाठी घेतलेला. त्यात १९४३च्या सुरुवातीला लंडनने हिंदी महासागरातल्या जहाजांत मोठी कपात केली, आणि धान्य मागितलं की उत्तर यायचं, जहाजं नाहीत.

कोयनाकाठ
मी दोघांपेक्षा वेगळं बोलणार आहे, आणि मृणालताई, राग मानू नका.

माझे आजोबा पहिल्या मराठा पलटणीत होते. सप्टेंबर १९४३मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन इटलीत टारांटोला उतरली, नोव्हेंबरात ती सांग्रो नदीवर होती. आजोबा फार बोलत नसत. नदी फुगली, चिखलात खेचरं रुतली, एवढंच सांगायचे. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याकडे शेणोलीजवळ पत्री सरकारच्या माणसांनी पगाराची रेल्वेगाडी अडवली होती. एका घरातला एक भाऊ सरकारच्या पलटणीत आणि दुसरा रात्री भूमिगतांना भाकरी पोचवणारा, अशी घरं आमच्या भागात होती. आमचंही तसंच एक.

म्हणून मला भीती वाटते ती अशी. खारकोव्ह आणि कलकत्ता एका पट्टीवर लिहिलं की पंधरा वर्षांचं पोर म्हणतं, दोन्ही बाजू सारख्याच. त्या सारख्या नव्हत्या. १९ एप्रिलला वॉर्साच्या ज्यू वस्तीत मूठभर पिस्तुलं आणि घरी केलेले बाँब घेऊन पोरं जर्मन फौजेसमोर उभी राहिली, कारण उरलेल्यांना मारण्याच्या छावणीत नेणार हे त्यांना कळलं होतं. महिनाभरात वस्ती जमीनदोस्त झाली. माणसं संपवणं हाच तिथला हेतू होता. बंगालात अक्षम्य बेपर्वाई होती, हेतू तो नव्हता. माझे आजोबा ज्या बाजूने लढले ती जिंकणं गरजेचं होतं, हे मी ठामपणे म्हणेन.

पूर्वा
कोयनाकाठ काका, हेतूचा फरक मान्य. पण उपाशी मेलेल्याला तो फरक कळणार नाही, आणि तक्ता फक्त हेतूंचा नाही.

मृणालताई, बंगाल लिहिणार असाल तर चीनमधला हेनानही लिहा. तिथेही १९४२-४३मध्ये दुष्काळ पडला, जपान्यांशी लढणाऱ्या चिनी फौजेसाठी धान्याची वसुली तशीच चालू राहिली, वीस-तीस लाख माणसं गेली. फक्त आपलं दुःख लिहिलं तर तो तक्ता होणार नाही, तक्रार होईल.

आणि २१ ऑक्टोबर विसरू नका. सिंगापुरात सुभाषबाबूंनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं. त्याआधीच बंगालला ब्रह्मदेशातून तांदूळ पाठवायची तयारी त्यांनी रेडिओवरून जाहीर केली होती. त्याच आठवड्यात दिल्लीत वेव्हेल व्हाइसरॉय झाले.

अभय_सोलापूर
पूर्वा, वेव्हेलांचं नाव काढलंस ते बरं झालं, कारण माझा मुद्दा तिथेच सिद्ध होतो. शपथ घेतल्यावर आठवड्याच्या आत ते कलकत्त्याला गेले आणि अन्न पोचवायला लष्कर लावलं. युद्ध थांबलं नव्हतं! ट्रक तेच, सैनिक तेच. जे ऑक्टोबरअखेर जमलं ते मेमध्ये का जमलं नाही? मुलांना हा प्रश्न विचारा.

नावांबद्दल मात्र मी माघार घेतो. तो निर्णय युद्धाचाच.

कोयनाकाठ
हेनानचं मला माहीत नव्हतं. पट्टीवर लिहा. पण वॉर्सा वगळू नका, एवढं ऐका.

मृणालिनी
वॉर्सा एप्रिलच्या पट्टीवर लिहून झालं. काका, तुमचे आजोबा नोव्हेंबरात येतील, 'सांग्रो नदी, इटली, आठवी भारतीय डिव्हिजन' म्हणून. हेनानही घेते. शेणोलीची गाडी जूनमध्ये.

ऑगस्टची नोंद अशी लिहिली आहे:

"२२ ऑगस्ट : बंगालमधील उपासमारीची छायाचित्रे 'स्टेट्समन'मध्ये प्रसिद्ध. युद्धासाठी नावा व तांदूळ काढून घेतलेल्या खेड्यांतून लोक कलकत्त्याकडे चालत येत होते. मुंबईत रेशनिंग चालू होते, कलकत्त्यात नव्हते. दुष्काळ जाहीर झाला नाही.
२३ ऑगस्ट : सोव्हिएत फौजांनी खारकोव्ह परत घेतले."

अभयदादा, 'युद्धासाठी' हा शब्द मी काढणार नाही.

अभय_सोलापूर
काढू नका. पण 'जाहीर झाला नाही' असं लिहू नका, 'सरकारने जाहीर केला नाही' असं लिहा.