मदत हवी आहे: पापुआ न्यू गिनीत नवीन आलोय, हाउस क्रायला जाताना काय न्यायचं?

नवा_ब्रदर

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबेल, नेटवर्क टेकडीवर चढल्यावरच मिळतं त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी वसईचा, सेमिनरीत शिकतोय, अजून फादर झालेलो नाही. आमच्या संघात शिक्षणाच्या मधेच परदेशी मिशनमधे पाठवतात तसं मला पापुआ न्यू गिनीला पाठवलंय. मुंबई, सिंगापूर, पोर्ट मोर्स्बी आणि तिथून परत छोट्या विमानाने मदांग, कारण राजधानीतून मदांगला यायला रस्ताच नाही, हे कोणी आधी सांगितलं असतं तर बॅग एवढी भरली नसती. आता मदांगच्या उत्तरेला किनाऱ्याने वर बोगियाच्या बाजूला एका मिशनमधे आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. समोर समुद्रात मानाम बेट दिसतं, जिवंत ज्वालामुखी. २००४ च्या उद्रेकानंतर तिथल्या लोकांना इकडे किनाऱ्यावर आणून ठेवलं, त्यातले खूप जण अजून छावण्यांतच आहेत. (आई हे वाचत असेल तर, आई, मी बेटावर नाहीये, समोर आहे.)

आता मुद्दा. इथले फादर पोलंडचे, वयस्कर, आख्खा जन्म इथे गेलाय त्यांचा. ते उपचारासाठी मदांगला गेलेत आणि नेमकी काल रात्री गावात मयत झाली. घर मोठं आहे, सगळ्या पंचक्रोशीत नातं. रात्रभर रडण्याचा आवाज येत होता, नुसतं रडणं नाही, सुरात, शब्द घालून. याला इथे हाउस क्राय म्हणतात, मांडव घालून दिवसेंदिवस माणसं बसतात, लांबून लांबून येतात, येताना तांदळाचं पोतं, साखर, टिन फिश म्हणजे डब्यातले मासे, पैसे, ऐपत असेल तर डुक्कर घेऊन येतात. आमचे कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे, प्रार्थना चालवणारे गावचेच गृहस्थ) सकाळी येऊन म्हणाले ब्रदर तुम्हीपण यायचं. येतो म्हटलं. पण काय घेऊन जायचं?

माझ्याकडे महिन्याचा पॉकेटमनी आहे तो म्हणजे अगदीच किरकोळ किना (इथलं चलन). मिशनच्या पेटीला मी हात लावू शकत नाही आणि लावायचापण नाहीये. रिकाम्या हाताने गेलो तर मिशनचं नाव जाईल, आणि आज पोतं दिलं तर उद्या दुसऱ्या घरी मयत झाली की तिथेपण पोतं द्यावं लागेल, नाही दिलं तर तुम्ही त्यांना दिलंत आम्हाला नाही. हे मी मनाने सांगत नाहीये, दारात रोज हेच चालतं. सकाळी दार उघडलं की कोणीतरी ओट्यावर बसलेलं असतं, "मी गाट हेवी", म्हणजे अडचण आहे. कोणाला पीएमव्हीचं भाडं पाहिजे (इथली वडाप समजा), कोणाला शाळेची फी, कोणाला नुसतं मीठ. अडचणी खऱ्याच असतात म्हणून तर जास्त त्रास होतो. नाही म्हणायचं कसं, की म्हणायचंच नाही?

आणि या रविवारी फादर नसल्यामुळे लोटू म्हणजे प्रार्थनासभा कॅटेकिस्ट घेणार पण चार शब्द मी बोलायचेत, टोक पिसिनमधून, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या बोलीतून, इंग्रजीतून तयार झालेली. प्लीज फादर स्टीफन्सचं (मराठी शिकून ख्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज मिशनरी) उदाहरण कोणी देऊ नका, सेमिनरीत ऐकून ऐकून पाठ झालंय. ते १५७९ ला गोव्यात उतरले आणि ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ ला, म्हणजे ३७ वर्षं हातात होती. मला रविवारपर्यंत वेळ आहे.

कोणी पापुआ किंवा त्या बाजूच्या बेटांवर राहिलेलं असेल तर सांगा. आगाऊ धन्यवाद.

ठोकताळा

म्हणजे आता धर्मांतरासाठी मराठी माणसांनी टिप्स द्यायच्या का? छान.

नवा_ब्रदर

दादा, या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर कॅथलिक मिशन १८९६ पासून आहे, तुमलेओ बेटावर जर्मन फादर उतरले तेव्हापासून. या देशातले पीटर तो रोट २०२५ च्या ऑक्टोबरमधे संत घोषित झाले, तेपण फादर नव्हते, बायकापोरं असलेले कॅटेकिस्ट, १९४५ मधे जपान्यांच्या कैदेत मारले गेले. मी कोणाचं धर्मांतर करणार, इथली एक आजी माझ्याकडून रोज संध्याकाळी टोक पिसिनमधे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) पाठ करून घेते आणि उच्चार चुकला की पहिल्यापासून म्हणायला लावते.

क्रेनवाला_मामा

ब्रदर, मी लाए बंदरात यार्डात काही वर्षं काढलीत, धर्माबिर्माचं मला कळत नाही पण हाउस क्राय बघितलेत, हाताखालच्या पोरांच्या घरचे. सांगतो ते नीट ऐका.

एकट्याने जायचं नाही आणि एकट्याचं म्हणून काही द्यायचं नाही. तिथे कोण एकटा येतच नाही, प्रत्येक गट येतो, या गावचे, त्या कुळाचे, या चर्चचे, आणि गटाचं म्हणून सामान मधे ठेवतात, एक जण उभा राहून सांगतो की हे अमक्यांकडून. तुम्ही कॅटेकिस्ट आणि चर्चच्या बायकांच्या गटाबरोबर जा, त्यांच्या ढिगात तुमचं दोन किलो साखर आणि चहापत्ती टाका. मग ते मिशनच्या लोकांकडून झालं, ब्रदरकडून नाही. पुढच्या मयतीला गटच ठरवेल काय न्यायचं. तुमच्या डोक्याचा ताप गेला.

आणि हो, कोणी काय आणलं ते त्यांच्या लक्षात राहतं, अगदी आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते ना तसं, फक्त वही डोक्यात असते. पण हे हिशोबीपणा म्हणून बघू नका. मला सुरुवातीला वाटायचं काय हे मयतीतपण देणं-घेणं. मग माझ्या मुकादमाने समजावलं की ज्याचं देणं फिटलं त्याच्याशी संबंधच काय उरला. तिथे थोडं देणं बाकी ठेवतातच, मुद्दाम.

बसायचं कुठे ते कॅटेकिस्टला विचारा, बाया आणि पुरुष बऱ्याच ठिकाणी वेगळे बसतात. गेल्यावर "सोरी ट्रू" म्हणायचं, हात धरायचा, खाली बसायचं. लगेच उठायचं नाही. आपण कसं दहा मिनिटं टेकून चहा न घेता निघतो तसं केलंत तर ते लक्षात राहील. रात्र काढलीत तर उत्तम.

सुपारी पुढे येणार, बुआई. सोबत चुना आणि डाका म्हणजे त्या वेलीच्या शेंगा. सवय नसेल तर खाऊ नका, गरगरतं, मी स्वतः एकदा भिंत धरून बसलेलो. हातात घ्या, बिलूममधे (तिथली विणलेली पिशवी) टाका, "मी नो सावे काइकाइ बुआई" म्हणा, हसतील आणि सोडून देतील.

अगाशीची_मावशी

बाळा तू कोणाचा रे, गास का नंदाखाल? असो, नको सांगूस. जेवतोस का नीट? सुकेळी पाठवू का पार्सलने?

नवा_ब्रदर

मावशी नको, इथे अंगणात केळीच केळी आहेत, उकडून भाजीसारखीपण खातात. जेवण म्हणजे काउकाउ (रताळं), सागो (सागो ताडाच्या खोडातलं पीठ) पाण्यात घोटून चिकट खळीसारखा केलेला, नारळाच्या दुधात शिजवलेला पाला. नारळाचं दूध आहे म्हणून माझं भागतंय, खरंच. डाळीची आठवण येते.

मामा, लाखमोलाचं सांगितलंत. दारातल्या लोकांचं काय करू?

क्रेनवाला_मामा

पैसे तुमच्या हातून द्यायचेच नाहीत, ही रीत पहिल्यापासून ठेवा. तांदूळ, मीठ, साबण, औषधापर्यंत नेणं, चिठ्ठी लिहून देणं, हे द्या. आणि मोठं मागणं आलं तर "फादर आले की बोलू" म्हणा, नुसतं "नाही" म्हणू नका. मधे बसवून पाणी द्या, गप्पा मारा. अर्ध्या लोकांना ब्रदर कसा आहे ते बघायचंच असतं, मीठ हे निमित्त. बाकीच्या अर्ध्यांना खरंच मीठ पाहिजे असतं, तर ते द्या ना.

व्याकरणवेडी

मी कधी गेले नाहीये पण टोक पिसिन हौसेने शिकलेय. रविवारच्या भाषणासाठी: आपण आणि आम्ही हा फरक त्या भाषेत आहे, "युमी" आणि "मिपेला". लोकांना धरून बोलताय तर युमी वापरा, देवाला उद्देशून प्रार्थना करताय तर मिपेला, "पापा बिलाँग मिपेला" असंच सुरू होतं ना. इंग्रजीवाले इथे अडखळतात, तुम्हाला आपोआप येईल. भूतकाळाला "बिन", भविष्याला "बाइ", वाक्यं आखूड ठेवा आणि शेवटी "एम तासोल" म्हणून बसा. पाच मिनिटांवर जाऊ नका.

गडचिरोलीची_डॉक्टर

तुमचा प्रश्न हा नाही पण कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. मलेरियाचं काय करताय? मदांग आणि सेपिकच्या किनारपट्टीत फॅल्सिपेरम आणि वायवॅक्स, मलेरियाचे दोन्ही प्रकार भरपूर आहेत. मयतीला रात्रभर उघड्यावर बसणार म्हणजे डास चावणार. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मोजे, अंगाला मलम. रोजची गोळी चालू असेल तर चुकवू नका, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) असेल तर पोटभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. ताप आला की त्याच दिवशी हेल्थ सेंटरला किट टेस्ट, "थकव्याचा ताप असेल" हे डोक्यात आणायचं नाही. आणि वायवॅक्स निघाला तर तो लिव्हरमधे दडून बसतो, परत परत येतो, त्यासाठी प्रिमाक्विन हे औषध देतात पण त्याआधी जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर हे औषध घातक ठरतं) तपासलेलं पाहिजे. निघायच्या आधी तपासलं नसेल तर मदांगच्या दवाखान्यात तपासता येतं का विचारून ठेवा. गडचिरोलीत आमच्याकडे बाहेरून आलेली उत्साही मुलंच जास्त आजारी पडतात, गावातले संध्याकाळी अंगभर घालून बसतात.

नवा_ब्रदर

डॉक्टर, तपासलेलं नाहीये, फादर तिकडेच आहेत तर त्यांना निरोप देतो.

जाऊन आलो. मामा म्हणाले तसं गटाबरोबर गेलो, बायकांनी साखर, तांदूळ, आणि एकीने स्वतः विणलेली बिलूम ठेवली, कॅटेकिस्ट उभे राहून बोलले त्यात मिशन एवढाच उल्लेख आला, माझं नाव नाही, बरं वाटलं. घरच्या बायका अंगाला चिखल फासून बसलेल्या. मी बोलायची तयारी करून गेलेलो पण कोणी सांगितलंच नाही, मग नुसता बसलो. मध्यरात्रीनंतर गाणी सुरू झाली, रोझरीवाली आजी शेजारी येऊन बसली आणि प्रत्येक कडव्याआधी शब्द माझ्या कानात सांगत होती. सुपारीचं वाक्य कामाला आलं, खूप हसले.

आता नवीन प्रॉब्लेम. पहाटे निघताना घरच्यांनी माझ्या हातात डुकराचा मोठा तुकडा दिला, केळीच्या पानात बांधून. मिशनला नाही, मला. कॅटेकिस्ट म्हणाले घ्यायचं. घेतलं. फ्रीज सोलरवर आहे आणि दोन दिवस ढग आहेत. आणि याचं परत काय द्यायचं, कधी द्यायचं?

क्रेनवाला_मामा

आजच शिजवा आणि मिशनवर जे जे आहेत त्यांना वाटा, आजीला पहिलं. परत द्यायची घाई अजिबात करू नका, लगेच दिलंत तर त्यांना वाटेल तुम्हाला ठेवायचं नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांच्या घरी काही निघेल तेव्हा बघा. कोणी दिलं ते मात्र लिहून ठेवा, तुमची वही अजून डोक्यात नाही.

अगाशीची_मावशी

डुकराला व्हिनेगर आहे का तिकडे? नसेल तर लिंबू पिळ आणि मिरी घाल, मी व्यनितून मसाला लिहून पाठवते.