दुकानातला चहा आणि चहाखान्यातला चहा

तुर्कस्तानात गालिच्याच्या दुकानात पुढे केलेला चहा म्हणजे गिऱ्हाईक बसवून ठेवायची युक्ती, असं काही जण म्हणतात. इस्तंबूलच्या मोठ्या बाजारापुरतं ते थोडंफार मान्य, पण त्यावरून तुर्की पाहुणचार जोखू नये. आम्ही पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरुम शहरात थंडीत एका चहाखान्यात शिरलो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी बोलायला धड एक भाषा नव्हती, तरी आमच्या चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊच दिले नाहीत. त्यांना काही विकायचं नव्हतं. तिथली पद्धतही त्यांनीच दाखवली: साखर चहात ढवळायची नाही, कडक खडा दाताने फोडून तोंडात धरायचा आणि त्यावरून कोरा चहा घोट घोट प्यायचा. याला 'कितलामा' म्हणतात.

चहा फार कडू लागतो म्हणणाऱ्यांसाठी: तिथे एकावर एक अशा दोन किटल्या असतात, खाली उकळतं पाणी आणि वर मुरलेला दाट चहा. तो ग्लासात आधी थोडा ओतून वरून पाणी घालतात. 'आचिक' म्हणजे फिका मागितला की पाणी जास्त घालतात, कुणाला वाईट वाटत नाही. आणि नको नको म्हणूनही ग्लास भरतच राहिला, तर चमचा ग्लासच्या तोंडावर आडवा ठेवायचा. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर प्रत्येक ठिकाणी चार-पाच ग्लास होत होते.