जुनी बाईक बॅटरी चार्ज करत नाही, मदत हवी आहे

९८ सालची १०० सीसी बाईक आहे, १२ व्होल्टची, सेल्फ नाही. पंचवटीहून सातपूर एमआयडीसीला रात्रपाळीला जातो, त्यामुळे हेडलाइट लागतोच. रेस देऊन आरआर युनिटच्या (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिनकडून येणारा करंट बॅटरी चार्जिंगसाठी डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) आउटपुटला मीटर लावला तर १४.२ दाखवतो पण बॅटरीवर १२.३ च्या वर काही सरकत नाही, मग इंडिकेटर मंद आणि हॉर्न नुसता घरघरतो. बॅटरी नवीन, आरआर बदललाय, फ्यूज ठीक, बॅटरी मायनस ते इंजिन अर्थिंगही चेक केलं. कपलरची (वायरी जोडायच्या प्लगची) लाल वायरवाली पिन मात्र भाजून तपकिरी झालीये, घासली तरी तेच. इलेक्ट्रिशियन म्हणतो पूर्ण हार्नेस (गाडीचं सगळं वायरिंग) बदला, एवढा खर्च आत्ता नको. आरआरपासून बॅटरीपर्यंत फ्यूज टाकून वेगळी वायर ओढली तर चालेल का, आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकू?