फरक सापडला, पण पुरेसा नाही
विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य (त्याच कणांचे उलट विद्युतभाराचे जोडीदार) सारखेच निर्माण झाले असेल तर आज द्रव्यच का उरले, हा आपला प्रश्न रास्त आहे. १९६४ मध्ये क्रोनिन व फिच यांच्या प्रयोगात केऑन या अल्पायुषी कणाच्या क्षयातून, म्हणजे तो मोडून दुसरे कण होण्यातून, दोहोंच्या वागणुकीतला सूक्ष्म भेद उघड झाला. मात्र प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या बॅरिऑन कुळातले, त्या कुळात तो ठामपणे दिसायला २०२५ उजाडले, आणि सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी या कणांच्या टकरींच्या प्रयोगात लॅम्डा-बी या जड बॅरिऑनच्या क्षयात तो सुमारे अडीच टक्के भरला. नव्या कणांचा माग काढायला दुर्मिळ क्षयही तपासले जातात: बी-एस मेसॉन या अल्पायुषी कणाचा दोन म्यूऑनांत (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांत) होणारा क्षय तर त्याच्या अब्ज क्षयांत सुमारे तीनदाच घडतो; आमच्या यवतमाळकडे खळ्यातल्या तुरीच्या राशीतून खडा वेचणे त्यापुढे सोपेच (खडा निदान डोळ्यांना दिसतो). अशा दुर्मिळ क्षयाचे प्रमाण अज्ञात जड कणांमुळे बदलू शकते; हा शोध हवाच, कारण द्रव्य-प्रतिद्रव्यातला आजवर ज्ञात असलेला भेद विश्वातल्या द्रव्याचा हिशेब जुळवायला फारच तोकडा पडतो.