शब्दचर्चा : ‘फुले गोळा केली’ याला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे?

‘मी सकाळी बागेत फुले गोळा केली’ या वाक्याच्या स्पॅनिश भाषांतरात ‘कोलेक्सिओनार’ हे क्रियापद चालेल का, असा प्रश्न आहे. ते व्याकरणाला धरून असले, तरी अर्थ बदलतो. तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांची चित्रे हौसेने जमवून, लावून, जपून ठेवणे म्हणजे ‘कोलेक्सिओनार’; त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटेल की आपण फुले वहीत दाबून त्यांचा संग्रह करता.

माझ्या मते अडचण स्पॅनिशमध्ये नाही, आपल्या ‘गोळा करणे’ या सैल शब्दात आहे. आधी मराठी वाक्यच नेमके करावे : फुले वेचली, खुडली, की जमवली? प्राजक्ताखाली पडलेली फुले वेचली असतील, तर ‘रेकोखेर’ हाच शब्द. झाडावरून खुडली असतील, तर स्पेनमध्ये ‘कोखेर’ सर्रास चालते; मात्र मेक्सिको आणि अर्जेंटिनात ‘कोखेर’ला अश्लील अर्थ चिकटलेला असल्याने तिथे ‘कोर्तार’ म्हणावे. ‘रेकोखेर’ला तो डाग लागलेला नाही.

या ‘रेकोखेर’ची व्याप्ती समजून घेण्यासारखी आहे. स्पेनच्या ला मान्चा प्रदेशातील कोन्सुएग्रा या गावाच्या परिसरात ऑक्टोबरअखेरीस केशराची जांभळी फुले उमलतात, आणि ऊन चढण्याआधी, कमरेत वाकून, एकेक फूल खुडून टोपलीत टाकावे लागते; ते काम ‘रेकोखेर’. मग टेबलाभोवती बसून प्रत्येक फुलातले तीन लाल तंतू वेगळे करतात, त्याला मात्र ‘मोन्दार’ हे निराळे क्रियापद आहे. जेवणानंतर टेबल आवरणे हेही ‘रेकोखेर’, आणि मुलांना शाळेतून घेऊन येणे हेही ‘रेकोखेर’च. पसरलेले किंवा कुठेतरी थांबलेले काही आपल्याकडे घेणे, हा या सगळ्यांतला समान धागा आहे.

बाकीची क्रियापदे त्या मानाने सोपी आहेत. वर्गणी किंवा कर वसूल करणे म्हणजे ‘रेकाउदार’, आणि लोकगीतांचे किंवा माहितीचे संकलन करणे म्हणजे ‘रेकोपिलार’. माणसे जमवायची असतील तर ‘रेउनिर’. ‘रेकोलेक्तार’ हा शब्द ‘रेकोखेर’पेक्षा औपचारिक असून पीक, रानफळे, नमुने यांच्याबाबत शोभतो, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या मानवसमूहांना स्पॅनिशमध्ये ‘कासादोरेस-रेकोलेक्तोरेस’ म्हणतात, ते यावरूनच.

ज्या पिकाभोवती गाव जगते त्याला भाषा स्वतंत्र शब्द देते, हे ऊसतोड म्हणणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. स्पेनच्या रिओहा प्रदेशात वाइनच्या द्राक्षांच्या काढणीला ‘बेन्दिमिआर’ म्हणतात. हे क्रियापद ऑलिव्ह किंवा केशर यांना लावता येत नाही. आणि एक शब्द तर थेट आपल्या शेतातला वाटावा असा आहे : ‘एस्पिगा’ म्हणजे कणीस, आणि त्यावरून ‘एस्पिगार’ म्हणजे कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचणे. शहरी भाषांतरकार इथे ‘उरलेले धान्य गोळा करणे’ असे चार शब्द खर्च करतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण ‘सरवा वेचणे’ हा नेमका वाक्प्रयोग मराठीत आहे आणि तो वापरायला हवा.